भिवरेचा आहेर

देवीला हात जोडून सांगतो, ऐका.

फार वर्षांपूर्वी खाडीच्या काठी पालवकोंड नावाचे गाव होते. गावाच्या माथ्यावर देवीची राई होती. राईतले झाड कोणी तोडत नसे आणि आपोआप पडलेले खोडही कोणी उचलत नसे. उभे झाड देवीचे आणि आडवे झाड देवीच्या लेकरांचे, असा तिथला नेम होता. ती लेकरे कोण, हे मात्र कोणी कधी विचारले नव्हते.

त्या गावात भिवरा नावाची विधवा राहत असे. उंडीच्या बियांचे कडू तेल काढावे आणि घरोघरच्या खांबांना, वाशांना चोळावे, हे तिचे काम. तेल लावण्याआधी ती लाकडाला कान लावी. आत भुंगेरा कुरतडत असला, तर तिला ऐकू येई. तिचे स्वतःचे घर एका खणाचे होते. त्याच्या मधोमध सासऱ्याने उभा केलेला फणसाचा खांब होता. वर्षानुवर्षांच्या तेलाने तो काळा आणि गुळगुळीत झाला होता. तिची एकुलती मुलगी सगुणा गावातच, विश्राम गावकरांच्या घरी दिलेली होती.

एका वर्षी वादळ झाले आणि राईतली जुनी झाडे आडवी झाली. विश्राम गावकर तेव्हा नवे घर बांधत होते. देवळासमोर बसून ते म्हणाले, “एवढे लाकूड कुजवायचे? देवीला काय चूल पेटवायची आहे?” लोक हसले. हसले की पाप हलके होते, असे माणसाला वाटते. गावकरांनी खोडे आणली, ती पाहून इतरांनीही आणली.

भिवरेने त्या लाकडांना तेल लावायला नकार दिला. तेल बाहेरच्या भुंगेऱ्याला अडवते, आत बिऱ्हाड करून बसलेल्याला नाही, असे तिने सांगितले. कोणी ऐकले नाही. पुढे घराघरांतून वाशांखाली पिवळे पीठ पडू लागले. बायका ते केरात लोटत आणि सुतारकामाचा भुसा अजून सरला नाही, असे म्हणत.

त्यातच सगुणेला मुलगा झाला. कितीतरी नवसांनंतरचे हे मूल. बारशाला पाळणा नव्या घराच्या मोठ्या तुळईला टांगायचे ठरले. भिवरा आदल्या दिवशी बाळंतिणीला पाहायला गेली, तेव्हा तिने शिडीवर चढून तुळईला कान लावला. उतरली ती पांढरी पडून. पाळणा इथे बांधू नका, इतकेच ती म्हणाली.

गावकर म्हणाले, “विहीणबाई, तुमच्या कानांत आता तेल घाला. खांबांना पुष्कळ झाले.”

मुलीच्या सासरी मुलीच्या आईचा शब्द चालत नसे. भिवरा परतली. वाटेत तिने राईकडे तोंड करून देवीला काहीतरी विचारले आणि तिला उत्तर मिळाले, असे म्हणतात.

बारशाच्या सकाळी आजोळचा आहेर आला. सोन्याचे वाळे नव्हते, कुंची नव्हती. चार गड्यांच्या खांद्यावर तो फणसाचा खांब होता. तो काढताच भिवरेच्या घराचे छप्पर खाली बसले होते. जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गावकर रागावले. आमच्याकडे खांबांची वाण नाही, असे ते बोलले.

भिवरा म्हणाली, “व्याहीबुवा, आजोळचा आहेर परत पाठवत नाहीत.”

तेही खरे होते. बाळाच्या आजोळचा आहेर फिरवणे म्हणजे बाळाचे आयुष्य फिरवणे, असे गाव मानत असे. गावकरांचा नाइलाज झाला. पाळण्याच्या अंगाला, तुळईखाली, खांब उभा राहिला.

श्रावणातली एक दुपार होती. कौले भिजून जड झाली होती. बाळ पाळण्यात निजले होते, सगुणा जेवायला बसली होती. अचानक तुळईची भिंतींतली दोन्ही टोके पिठासारखी विरली. कौले कोसळली, धुरळा उठला. सगुणा धावली. पाहते तो सारी तुळई त्या एका खांबावर तराजूच्या दांडीसारखी तोलून राहिलेली. पाळणा हलला तो नेहमीच्या झोक्याइतकाच. बाळ जागेही झाले नाही, असे म्हणतात.

गावकरांनी डोक्यावरचे पागोटे काढले आणि ते विहिणीच्या पायांशी ठेवले. मुलाकडच्याने मुलीच्या आईपुढे वाकल्याचे त्या गावाने प्रथमच पाहिले.

“आता पाळणा कुठे बांधू, ते तुम्ही सांगा,” ते म्हणाले.

“आधी देवीच्या लेकरांचे त्यांना द्या,” भिवरा म्हणाली.

तेव्हा देवीची लेकरे कोण, ते गावाला उमगले. ज्यांना आपण कीड म्हणतो, त्यांनाही तिने ताट वाढलेले होते, आणि गावाने ते ताट उचलून आपल्या घरी आणले होते. लोकांनी छपरे उतरवली आणि एकूण एक लाकूड खांद्यावरून राईत परत नेले. त्यांच्यामागून गावातले सारे भुंगेरे निघाले. त्यांच्या पंखांचा आवाज दूरच्या झांजांसारखा येत होता आणि त्यांतल्या एकानेही मागे वळून गाव पाहिले नाही, असे म्हणतात.

पुढे गावाने स्वतःची छपरे चढवण्याआधी भिवरेचे घर उभे केले. प्रत्येक घराने निरोगी लाकडाचा एकेक वासा दिला. तिने प्रत्येकाला कान लावला, आणि सगळे ठेवून घेतले.

आजही पालवकोंडात राईतले पडलेले खोड कोणी उचलत नाही. त्याला भिवरेचा वाटा म्हणतात. आजही तिथे बारशाला सोन्याआधी उंडीच्या तेलाची वाटी येते. ती बाळाच्या आईची आई आणते. ती शिडी चढते, तुळईला कान लावते, आणि भरलेले घर श्वास धरून थांबते. त्या वेळी मुलाचा आजोबा, गावात त्याचा मान कितीही मोठा असो, खाली हात जोडून उभा असतो.

ती “बांधा” म्हणते. मगच पाळण्याची दोरी वर चढते.