रुद्रनेरच्या वेशीची ओटी

पाहुणे, वेशीचा हा डावा बुरूज पाहा, चांगला तीन पुरुष उंच आहे. आणि हा उजवा, जेमतेम कमरेएवढा. काम अर्धवट राहिले असे पाटीवर लिहिले आहे. पाटी लिहिणारे साहेब इथे दोन तास थांबले होते. आमच्या घराण्याकडे या वेशीची झाडलोट पिढ्यान्‌पिढ्या आहे, तेव्हा आमचेही ऐका.

रुद्रनेर राजा रुद्रभोजाने वसवले असे सांगतात. त्याआधी नदीच्या या वळणावर नुसत्या बाभळी होत्या. इथे नगरी उठवायची त्याने मनावर घेतले आणि तो तहानभूक विसरला. उजाडताच तटावर जाई, दिवेलागण झाली तरी परतत नसे. राणी मृगावती ताट वाढून बसून राही. राजा आला तरी जेवताना कौतुक नगरीचेच: आज तिचा चौक आखला, उद्या तिची वेस उभारू. राणीच्या अंगाचा तिळपापड होई. दासीला ती म्हणे म्हणाली, "लोकांच्या सवती निदान म्हाताऱ्या तरी होतात गं. माझी रोज तरुण होत चाललीय."

मत्सर वाईट खराच. पण वाढलेल्या ताटापुढे रोज एकटीने बसायचे, म्हणजे काय होत असेल, तेही पाहावे.

त्या काळी विटांच्या मातीत भाताचा कोंडा मळत. वेशीच्या विटांसाठी तो राणीच्या कोठारातून द्यायचा मान होता. डाव्या बुरुजाला तिने निमूट दिला. उजव्याच्या वेळी मात्र कोंड्यात टोपल्या-टोपल्यांनी मीठ मिसळले. विटांना लोणा लागेल, बुरूज सोलवटत राहील, राजा कंटाळून घरी येईल, एवढाच तिचा बेत.

लोणा लागला. पण राजा कंटाळणाऱ्यातला नव्हता. दुसऱ्या पावसाळ्यात तो स्वतः बुरुजावर चढून पोपडे खरवडू लागला, आणि आतून पोखरलेला बुरूज त्याला घेऊन कोसळला.

राणी धावत आली. तोवर तिने या वेशीत पाऊल टाकले नव्हते. साऱ्या लोकांसमोर तिने आपले कृत्य सांगितले. म्हणाली, "मला त्याची फक्त संध्याकाळ हवी होती." मग उभ्या बुरुजाला तिने कपाळ टेकले. "बाई, आपण दोघी एकदमच विधवा झालो." पडलेला बुरूज पुन्हा बांधू नका, असे तिने बजावले. आणि गावात येणाऱ्या सुनेने नगरीवर जळू नये, आधी तिची ओटी भरावी आणि आपला वाटा मागून घ्यावा, असे सांगून ठेवले.

आजही नवी नवरी सासरच्या उंबऱ्याआधी इथे थांबते. खण-नारळाने बुरुजाची ओटी भरते आणि म्हणते, "दिवस तुझा, संध्याकाळ माझी." मग नवरा गवंडी असो की सुतार, दिवेलागणीला हातातले अवजार खाली ठेवतो. आमच्या मंडळींनी छप्पन्न वर्षांपूर्वी ही ओटी भरली. तेव्हा तटाची मागची बाजू तुमची तुम्हीच पाहून या. दिवस कलला, मला घरी जायला हवे.