स्वतःविरुद्ध उचललेला हात

एकदा एक वृद्ध धर्मोपदेशक अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या लहानशा गावात राहत होते. तेव्हा तिथे इंग्लंडच्या राजाचे राज्य होते. गव्हर्नर राजा पाठवी. आपला धर्मोपदेशक मात्र गाव हात वर करून स्वतः नेमी. पण एकदा नेमलेल्याला पुन्हा कोणी काही विचारत नसे. या वृद्ध गुरुजींपाशी एक शिष्य शिकत होता. बुद्धिमान आणि कमालीचा संशयी. संशय मलाही आवडतो. फक्त तो आपल्या सोयीने थांबतो, एवढेच वाईट.

एके दिवशी एक फिरता प्रवचनकार आला. प्रार्थनागृहात प्रतिष्ठितांचे बाक पुढे असत आणि गड्यांचे मागे; हा गृहस्थ मात्र कुरणातच उभा राहिला आणि सगळ्यांना गवतावर बसवून गरजला, "तुमचा उपदेशक पुस्तकं वाचतो, पण त्याच्या अंतःकरणात प्रकाश आहे का? विचारा त्याला!" एवढे बोलून तो स्वतःच रडला. लोकही ढसाढसा रडले आणि मनात शंका घेऊन घरी परतले. आजवर मान लववणारी माणसे गुरुजी दिसताच कुजबुजू लागली.

शिष्य संतापला. "गुरुजी, हा माणूस लबाड आहे. मी पाळत ठेवली होती. शेजारच्या गावातही तो त्याच वाक्याला रडला."

"असेल," गुरुजी म्हणाले. "पण म्हणून प्रश्न खोटा ठरतो का?"

रविवारी पिंपे बनवणारा हेझेकाया सभेत उभा राहिला. "गुरुजी, राग मानू नका. तुम्ही राहावं की जावं, ते आज ठरवू." हात वर झाले. दोन्ही बाजू समसमान निघाल्या. मत द्यायचे राहिले होते फक्त गुरुजी; आता त्यांच्याच मतावर सारे येऊन ठेपले. म्हातारपणचे घर, चुलीचे सरपण, रोजचा पाव, सगळे त्या पदाबरोबर जाणार होते. गुरुजींनी शांतपणे हात उचलला, तो स्वतःला काढण्याच्या बाजूने.

यात काहीतरी डाव आहे, असे शिष्याला वाटले. घरी सामान बांधताना त्याने विचारले, "खरं सांगा, तुमचा बेत काय आहे? लोक पस्तावून परत बोलावतील असं वाटतं?"

"नाही बोलावणार. आणि मला फार वाईट वाटतंय, तेही ऐक. मी यांना जन्मभर सांगितलं की देवानं दिलेली बुद्धी वापरा. ते माना डोलावत आणि पेंगत. त्या लबाडानं त्यांना स्वतःच्या अंतःकरणात पाहायला लावलं आणि ते जागे झाले. बुद्धीनं जा की भक्तीनं, माणूस शेवटी उंचावर बसलेल्याला जाब विचारायला शिकतो. मी माझ्याच मतावर टिकलो असतो, तर विचारून काही उपयोग नाही, एवढंच ते शिकले असते. ही सवय माझ्यापाशी थांबायची नाही, बाळ. उद्या ते गव्हर्नरला विचारतील, परवा राजाला."

इतक्यात हेझेकाया दारात आला. शिष्याला म्हणाला, "फिरता बाबा पुढच्या गावाला गेला. आता आमचा उपदेशक तू होशील का?"

'हो' शब्द ओठांवर आला, आणि इतक्या झटकन आला की शिष्य चपापला. त्याने प्रवचनकारावर संशय घेतला होता, गावावर, गुरुजींवरसुद्धा. आपला संताप गुरुजींसाठी होता की या जागेसाठी, हे त्याने स्वतःला कधी विचारलेच नव्हते.

"मला ठाऊक नाही," तो हळूच म्हणाला. "रविवारी सगळ्यांसमोर तुम्हीच मला विचारा."

"विचारूच," हेझेकाया म्हणाला, आणि गुरुजींची पेटी उचलायला आत आला.