सावळगिरीचे बिनदाराचे घर

सावळगिरीत निवडणूक जवळ आली की सुतार मिळेनासे होतात. ज्याला उभे राहायचे असते तो अर्ज भरायच्या आदल्या दिवशी आपल्या घराचे पुढचे दार काढून आडवे ठेवतो, शेजारी उभा राहून फोटो काढून घेतो आणि मतदान होईपर्यंत उघड्या घरात झोपतो. म्हणजे घर उघडे असल्यासारखे करतो, कारण चौकटीत काठी घेऊन दोन माणसे बसवलेली असतातच. हरलेल्याचे दार निकालाच्या संध्याकाळी परत बसते. जिंकलेल्याचे तर मिरवणूक घरी पोचायच्या आत बसलेले असते.

ही रीत कुठून आली हे पाहायचे तर पेठेतल्या आबासाहेब रणनवऱ्यांच्या घरासमोर उभे राहावे लागते. आबासाहेब म्हणजे या गावचे थोर पुढारी, तीस वर्षे आमदार. त्यांच्या घराचे आता स्मारक झाले आहे. सागवानी चौकट आहे, पण दार नाही. येणारे मोठमोठे लोक त्या चौकटीला हात लावून कपाळाला लावतात. भिंतीवर संगमरवरी पाटी आहे: ‘दुष्काळात जनतेसाठी ज्यांनी स्वतःच्या घराचे दार काढून टाकले.’ पाटीवर मजकूर छान बसला आहे. खरे काय ते गावातली म्हातारी माणसे सांगतात, आणि ती गोष्ट अशी.

तो मोठा दुष्काळ पडला त्या साली गावातल्या झाडून साऱ्या विहिरींनी तळ गाठला. पाणी राहिले ते आबासाहेबांच्या घरातल्या चौकातल्या आडाला. वरच्या आळीतल्या बायका पुढच्या दाराने आत येत, आडावर पोहरा सोडत आणि भरल्या घागरी घेऊन जात. खालच्या आळीतल्यांना मात्र आडाला शिवायची परवानगी नव्हती. त्यांनी रस्त्यावर घागरी ठेवून बसायचे आणि कुणाला दया आलीच तर वरून ओतलेले पाणी घ्यायचे. हे घरच्या मालकाला ठाऊक नव्हते असे नाही. मालक त्या दिवसांत गावोगाव ‘पाण्याला जात नसते’ असे भाषण करत हिंडत होते, आणि टाळ्या चांगल्या पडत होत्या म्हणे.

त्यांच्या बायकोचे नाव तानूबाई. तिला ती टाळ्यांची भाषणे तोंडपाठ झाली होती आणि ऐकून कान किटले होते. रस्त्यावर बसणाऱ्या बायकांत गोजराबाई होती. ती सुईण. तानूबाईची तिन्ही बाळंतपणे तिनेच केलेली. तिच्या हातांत या घराची पोरे पहिल्यांदा रडली, आणि त्याच हातांचा पोहरा आडाला विटाळ करणार होता! तानूबाईला हे गिळवेना. तिने नवऱ्याजवळ विषय काढला. आबासाहेब म्हणाले, “जरा दमानं घे. वरची आळी बिथरली तर मतं जातील. निवडणूक होऊ दे, मग बघू.” एवढेच नाही, तर पाणी खालच्या आळीत चालले म्हणून त्यांनी दुपारपासून पुढचे दार लावून कुलूप घालायला सांगितले. वरच्या आळीला त्यांच्याच आळीत निघणाऱ्या मागच्या बोळातून यायची सोय ठेवली.

त्या दिवशी तानूबाईने शपथ घेतली असे सांगतात, की गोजराबाईने स्वतःच्या हाताने काढलेले पाणी मिळेल तेव्हाच या आडाचे पाणी तोंडाला लावीन. वैशाखाचे ऊन. एक दिवस गेला, दुसरा गेला. आबासाहेबांना वाटले, बायकांचे उपास असतात तसाच हा एक. ते जेवून दौऱ्यावर गेले.

तिसऱ्या दिवशी दाराबाहेर घागरी आपटल्याचा आवाज आला. गोजराबाईची गरोदर सून उन्हात बसल्या जागी कलंडली होती. तानूबाई उठली. पायांत बळ नव्हते, ओठ फुटले होते. कुलपाची किल्ली नवऱ्याच्या कोटात, कोट दौऱ्यावर. तिने परसातली पहार आणली आणि दाराच्या खाली घातली. जुनी दारे ती, खाली उखळीत आणि वर भोकात खुंटीवर फिरणारी. चार गड्यांनी उचलून बसवलेले ते दार तीन दिवसांच्या तहानेल्या बाईने उखळीतून उपसले, असे म्हणतात. बाहेरून गोजराबाईने खांदा लावला असेही म्हणतात, आणि ते जास्त खरे वाटते. खुंट्या मोडून कवाडे अंगणात आडवी झाली.

“गोजरामावशी, आत या,” तानूबाई म्हणाली. “पोहरा तुमी सोडा.”

“वैनीसायेब, गाव काय म्हणंल?”

“गावाचं मागनं बघू. माझा घसा वाळलाय. आधी पोरीला पाजा, मग मला द्या.”

गोजराबाईने पाणी काढले. सून प्याली, मग तानूबाई प्याली. वरच्या आळीने दोन दिवस आडावर बहिष्कार टाकला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायका खाली मान घालून घागरी घेऊन हजर झाल्या.

आबासाहेब परत आले ते संतापाने लाल होऊन. त्यांनी लगेच सुतार बोलावला. सुतार चौकटीचे माप घेत होता, तेवढ्यात मुंबईचे मंत्री दुष्काळाच्या पाहणीला गावात उतरले. बरोबर वर्तमानपत्रवाले होते. मंत्र्यांनी बिनदाराची चौकट पाहिली, आत आडावर दोन्ही आळ्यांच्या बायका पाहिल्या आणि विचारले, “रणनवरे, दार कुठं आहे?”

आबासाहेबांनी एकदा बायकोकडे पाहिले. मग म्हणाले, “साहेब, दुष्काळात कसलं दार?”

झाले! मंत्र्यांनी मिठी मारली, फोटो निघाला, मथळा झाला. खरे सांगायला एक क्षण मिळाला होता, तोही या थोर माणसाने स्वतःच्या खिशात घातला. पण त्या खोटेपणानेच त्यांची मान अडकली. आता दार बसवायचे कोणत्या तोंडाने? सुतार माप घेऊन गेला तो गेलाच. पुढची तीस वर्षे त्या घरात कुत्री शिरली, थंडीचा वारा शिरला, एकदा शेळीने आबासाहेबांचे छापायचे भाषण खाल्ले, आणि ते सगळ्यांसमोर हसत राहिले. घरात कुरकुरू लागले की तानूबाई शांतपणे विचारायची, “मग सुतार बोलवू का? पेपरवाल्यांनाबी बोलवू?” आबासाहेब पांघरूण ओढून घ्यायचे.

पाटीवर तिचे नाव नाही. शेजारणींनी तिला डिवचले तेव्हा ती म्हणाली म्हणे, “नाव घेऊ द्या त्यास्नी. दार नाही बसलं, मला तेवढं बास.”

पुढे विरोधकाने पाहिले की बिनदाराच्या घराला मते पडतात, आणि त्यानेही दार काढले. तिथून ही रीत पडली. आबासाहेबांची नक्कल अगदी हुबेहूब झाली आहे, कारण नक्कल करण्याजोगे त्यांच्याकडे दुसरे काही नव्हतेच.

आजही त्या चौकटीला दार नाही, आणि स्मारक समिती ते कधी बसू देणार नाही. चौकातल्या आडाला पाणीही आहे. वारसा जपायचा म्हणून समितीने त्यावर लोखंडी जाळी बसवली आहे, आणि जाळीला कुलूप. उन्हाळ्यात खालच्या आळीला टँकर दिवसाआड येतो, तो या घरासमोरच थांबतो. गोजराबाईची नातसून तिथे रांगेत उभी असते. आत जायला तिला कोणी अडवत नाही.