नकाशातला खळगा

“मग चूक दाखवा ना, बाबा. नुसतं बसून काय राहता?”

दिगंबरचा आवाज चढला होता. सोमगिरी बाबांच्या मठात तो भाकरी खाऊन वाढला, बाबांनीच त्याच्याकडून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. आता त्यांच्यावरच डाफरत होता. गुरूची विद्या गुरूला, दुसरं काय.

बाबा सकाळपासून तळ्याच्या बांधावर बसून होते. समोर खोदाईचं मशीन, मागं सगळं गाव. दिगंबरच्या नकाशात नाल्याची सरळ रेघ या बांधातून गेली होती, आणि त्या रेघेवरून नाला खोल करायचा हुकूम निघाला होता. दिगंबरनं सही केली की मशीन चालू होणार. बांध फुटला की तळं गेलं, अन् गावाचं पाणीही.

“गाव मला खोटारडा म्हणतंय,” तो म्हणाला. “पाच तालुक्यांचे ओढे काढलेत मी, एका जागी बसून, उपग्रहानं मोजलेल्या उंचीवरून. कुणी ब्र काढला नाही. आणि हे अंगठेबहाद्दर मला शिकवणार?”

बाबा तळ्याच्या पाण्याकडं बघत होते.

“ऐकताय ना?”

“ओढा काढतोस कसा?”

दिगंबरला जरा बरं वाटलं. त्यानं लॅपटॉप उघडला.

“जमिनीचे बारीक चौकोन पाडायचे. प्रत्येकाची उंची ठाऊक असते. शेजारचा जो चौकोन सगळ्यांत खाली, त्यात पाणी उतरणार. असं उतरत उतरत ओढा होतो.”

“आणि खळगा लागला तर?”

“पाणी तिथंच अडतं. रेघ तुटते. म्हणून आधी सगळे खळगे बुजवून घ्यायचे. एक कळ दाबली की झालं.”

“का बुजवायचे?”

“खळगा म्हणजे मोजणीतली चूक, बाबा.”

“सगळेच?”

“...तसंच धरतात.”

“हे तळं?”

दिगंबरनं पडद्याकडं पाहिलं. तळ्याकडं पाहायचं टाळलं.

“त्याच्यामुळं रेघ जुळत नव्हती,” तो म्हणाला, आणि आपल्याच बोलण्याचा त्याला राग आला. “एका तळ्यापायी सगळा नकाशा अडवून धरायचा का? सही आजच करायचीय मला.”



ऊन डोक्यावर आलं होतं. ओरडून ओरडून दिगंबरच्या घशाला कोरड पडली. लहानपणी करायचा तसा त्यानं हात पुढं केला.

“पाणी द्या थोडं.”

बाबांनी झोळीतून वाटी काढली. तळ्याकाठची काळी माती उचलून तिच्यात दाबून बसवली. वरून अंगठा फिरवून कडेशी सपाट केली. मग वाटी दिगंबरच्या हातात ठेवली आणि कमंडलूतलं पाणी तिच्यावर ओतलं.

पाणी वाटीवरून वाहिलं, मनगटावरून कोपरावर, कोपरावरून त्याच्या इस्त्रीच्या विजारीवर. कुठंही अडलं नाही.

“ही काय थट्टा झाली, बाबा? तहान लागलीय मला.”

बाबा संतापले होते. इतकी वर्षं मठात काढली, पण त्यांचा आवाज असा कापताना दिगंबरनं कधी ऐकला नव्हता. कमंडलू मात्र त्यांनी खाली ठेवला नाही. ते ओततच राहिले...

“वाटीतली चूक काढलीय, दिगू. पी.”