विश्रामचे आठ दिवस

वांगरवाडीत विश्राम नावाचा एक भोळा पोरगा होता. तो बारावी पास झाला होता. कसा, हे त्याच्या मास्तरांनाही सांगता येत नव्हतं.

कॉलेजला जायच्या आधी वर्षभर हिंडावं, वाटेत मिळेल ते काम करावं, असं त्याने कुठेतरी वाचलं. वडिलांची पिठाची गिरणी होती. ते म्हणाले, “खुशाल हिंड. पण कुठल्याही एका जागी आठ दिवस टिकून दाखव. नाही टिकलास तर कॉलेज विसरायचं आणि गिरणीत बसायचं.”

विश्रामला पिठाने शिंका येत. तो लगेच निघाला.

पहिलं काम शेवंताकाकूंच्या खानावळीत मिळालं, वाढप्याचं. गिऱ्हाईक “पुरे” म्हणालं की विश्राम पातेलं घेऊन माघारी. माणसं अर्धपोटी उठून समोरच्या खानावळीत जाऊ लागली. तिसऱ्या दिवशी काकूंनी हात जोडले.

“अरे लेकरा, माणूस पुरे म्हणतो ते भिडेपोटी. पुरे म्हणाला की समजायचं, अजून हवंय.”

“आधी सांगायचं ना, काकू,” विश्राम म्हणाला आणि पुढच्या गावी गेला.

तिथे धोंडीरामच्या सलूनमध्ये काम मिळालं. हेडमास्तर खुर्चीत बसले होते. “मशीनने केस जरा कमी कर,” असं सांगून धोंडीराम चहाला गेला. थोड्या वेळाने मास्तर म्हणाले, “पुरे.” विश्रामला वाटलं, भिडस्त आहेत. मास्तर पुन्हा म्हणाले, “अरे, पुरे.” फारच भिडस्त आहेत. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मिशीही गेली होती.

धोंडीराम त्याला वेशीपर्यंत सोडायला आला. “बाबा रे, आधी विचारावं. समोरचा स्वतःच्या तोंडाने हो म्हणेल तेव्हाच हात लावावा.”

विश्रामला हे पटलं. पुढे तो म्हाळूबा धनगराच्या मेंढ्या राखायला राहिला. दुसऱ्याच दिवशी मेंढ्या शेजारच्या हरभऱ्यात शिरल्या. विश्रामने एकेकीपाशी जाऊन अदबीने विचारलं, “बाहेर काढू का?” साठ मेंढ्या होत्या. एकही हो म्हणाली नाही. म्हाळूबा आला तेव्हा रानात हरभरा नव्हता, हरभऱ्याचा मालक होता.

“येड्या, मधी घोंगडं पसरून हुबं ऱ्हायचं,” म्हाळूबा म्हणाला. “ह्या अंगाचं त्या अंगाला जाऊ द्यायचं न्हाई. कुणी कितीबी बोंबलू दे, हलायचं न्हाई.”

“हे सोपं आहे,” विश्राम म्हणाला.

मग त्याला एका मंगल कार्यालयात काम लागलं. झाडणं, सतरंज्या घालणं, खुर्च्या मांडणं. सात दिवस सुरळीत गेले. एवढा एक दिवस निघाला की कॉलेज पक्कं.

आठव्या दिवशी लग्न होतं. अंतरपाट धरायला एक माणूस कमी पडला. भटजी म्हणाले, “अरे, ये इकडे. हे टोक धर.”

मंगलाष्टकं संपली. दुसऱ्या माणसाने आपलं टोक सोडलं. विश्रामने ते झटकन पकडलं, हात फाकले आणि वधूवरांच्या मधोमध उभा राहिला. नवरा उजवीकडे सरकला, विश्रामही सरकला. नवरी डावीकडे वळली, विश्रामही वळला.

“अरे, सोड ते,” भटजी म्हणाले. विश्राम हलला नाही.

“मुहूर्त टळतोय रे मेल्या,” नवरीचा मामा ओरडला. म्हाळूबा म्हणालाच होता, लोक बोंबलणार.

मामाने घाईघाईने भाचीला सांगितलं, “घाल गं हार.” तिची मान रीतीप्रमाणे खाली होती. तिने हार घातला. नवरा तिच्याहून लाजरा. त्यानेही खाली बघूनच घातला. वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या. दोन्ही हार विश्रामच्या गळ्यात होते.

दुपारभर भटजी पोथी चाळत होते. लग्न कोणाचं कोणाशी लागलं, ते सापडत नव्हतं.

संध्याकाळी विश्रामने घरी फोन लावला. “आबा, आठ दिवस झाले. आता इथेच आहे मी. दोन्हीकडच्या मंडळींनी दाराला बाहेरून कडी घातलीय. म्हणतात, उलगडा होईपर्यंत तुला सोडणार नाही.”

“असं केलंस तरी काय तू?”

“काम आवडलं असणार, आबा. हार घातलेत.”