धुरपदेची जामगी

ही गोष्ट फार जुनी. खिंडीतला म्हातारा वड तेव्हा वीतभर रोप होता, असं म्हणतात. खरं-खोटं वडालाच विचारा.

खिंडीच्या अलीकडे आंबळणी, पलीकडे कारवडी आणि मधोमध धारजाईचं देऊळ. दोन्ही गावांतल्या पुरुषांनी गडावर चाकरी केलेली, त्यामुळे घरोघरी खुंटीला बंदूक. पण त्या काळी नुसता चाप ओढून बार उडत नसे. नळीच्या कानाशी चिमूटभर दारू ठेवायची आणि तिला जळत्या दोरीचं टोक लावायचं. त्या दोरीला जामगी म्हणत. जामगी विझली की बंदूक मुसळासारखी, आणि मुसळानं निदान भात तरी कांडता येतो.

जामगी वळावी ती धुरपदेनं. अंबाडीचे धागे काढायची, पीळ द्यायची, सोऱ्याच्या पाण्यात उकळायची, उन्हात वाळवायची. तिच्या जामगीचा विस्तव पावसातही विझत नसे, असं म्हणतात. धुरपदा ही आंबळणीची लेक आणि कारवडीची सून. एका गावाची आत्या, दुसऱ्या गावाची काकू. दोन्हीकडे तिचा शब्द चाले आणि दोन्हीकडे तिची जीभही चाले.

धारजाईच्या जत्रेत पालखी उठायची ती बंदुकीच्या बारावर. पहिल्या बाराचा मान एका साली आंबळणीचा, दुसऱ्या साली कारवडीचा. पण एकदा गावांत साथ आली आणि जत्रा भरलीच नाही. ते साल आंबळणीचं होतं. पुढच्या वर्षी आंबळणीकर म्हणाले, "आमचा मान ऱ्हायलाय, तो आदी." कारवडीकर म्हणाले, "तुमचं साल गेलं ते गेलं. औंदा आमचं." दोघांचंही म्हणणं खरं होतं, म्हणून तर भांडण मिटेना. शब्दानं शब्द वाढला. कुणी कुणाच्या बंदुकीला चिलीम म्हटलं, मग तर विचारूच नका. शेवटी ठरलं की जत्रेच्या सकाळी दोन्ही गावांनी बंदुका ठासून खिंडीत समोरासमोर उभं राहायचं. आणि या खेपेला नळीत नुसती दारू नाही, गोळीही भरायची.

आंबळणीचा बंदुकीचा मानकरी होता धुरपदेचा पाठचा भाऊ हैबती. कारवडीचा मानकरी होता तिचा एकुलता लेक सुभान. बातमी धुरपदेच्या कानावर आली. गोळी इकडून सुटो की तिकडून, ती तिच्याच घरात शिरणार होती.

जामगीसाठी दोघेही तिच्याच अंगणात आले. मामा-भाचे एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले.

"आक्का, जामगी दे," हैबती म्हणाला.

"माज्या लेकाला मारायला?"

हैबती मातीकडे बघत म्हणाला, "मानाचं हाय. माज्या एकट्याच्या हातात न्हाई."

"आये, तू मदी पडू नगंस," सुभान म्हणाला.

"मी मदीच हाय बाबा. लगीन झालं तवापास्नं."

ती विचारात पडली. नाही म्हटलं, तर हे चिंध्या वळतील आणि त्याही पेटवतील. म्हणून ती म्हणाली, "देते. पर एकच देईन. तिचं एक टोक तुज्या बंदुकीला, एक ह्याच्या. मदी देवळापुढं मी पेटवीन. ज्याच्या टोकाला आग आदी पोचंल त्यानं वर आभाळाकडं बार काढायचा. मान त्याचा. दुसऱ्यानं गोळी काढून ठेवायची आन् देवीला हात जोडून घरला जायचं. कबूल आसंल तर वळते. न्हाईतर जावा."

कबूल न करून सांगतात कुणाला? अख्ख्या मुलखात दुसरं कोण होतं वळणारं?

धुरपदा वळायला बसली. अंबाडी संपली तेव्हा डोक्यावरचे पांढरे केस त्यात वळले, असं म्हणतात. पीळ दिला घट्ट आणि सोरा घातला नावापुरता, म्हणजे आग सावकाश चालेल. खिंडीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत पुरेल एवढी लांब जामगी झाली.

जत्रेची सकाळ उजाडली. दोन्ही गावं नळ्या रोखून उभी. धुरपदेनं मधोमध विस्तव टेकवला आणि दोन ठिणग्या दोन दिशांना निघाल्या. न्याहारीपर्यंत निकाल लागेल असं लोकांना वाटलं होतं. न्याहारी झाली, ऊन चढलं, तरी ठिणग्या आपल्या गोगलगायीच्या चालीनं चाललेल्या. जी मागे पडे तिच्यापाशी धुरपदा जाई आणि फुंकर घाली. तेवढ्यात दुसरी मागे पडे. मग ती तिकडे जाई.

"आत्या, तिकडं फुकू नगा," आंबळणीकर ओरडत.

"काकू, हा अन्याव हाय," कारवडीकर ओरडत.

"जामगी माजी, फुकर माजी," ती म्हणे आणि चालू लागे.

उभ्यानं किती रागवणार? पाय दुखले तशी माणसं बसली. बायकांनी भाकऱ्या आणल्या. कुणाकडे ठेचा होता, कुणाकडे कांदा होता, खिंडीच्या मधोमध देवाणघेवाण झाली. बंदुका झाडाला टेकून उभ्या राहिल्या. पण ठिणग्या जसजशा लांब गेल्या तसतशा धुरपदेच्या खेपाही लांबल्या. चैत्राचं ऊन, अनवाणी पाय आणि उतरलेलं वय. दिवस कलला तेव्हा ती अडखळली आणि देवळापुढे मटकन खाली बसली.

हैबतीच्या बाजूची ठिणगी तेव्हा बंदुकीपासून हातभरावर होती. फुंकर घालायला आता कुणी नव्हतं. मान आंबळणीचा होणार हे पोरांनाही दिसत होतं. हैबतीनं बहिणीकडे पाहिलं. दिवसभर ती कशासाठी चालली ते त्याला कळलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं पुढे होऊन ठिणगीपुढची जामगी मुठीत आवळली. हात भाजला तरी सोडली नाही.

"तिकडची येऊ दे," तो म्हणाला.

पण तिकडची येईना. सुभानच्या टोकाला काय झालं म्हणून लोक बघायला धावले, तर तोही मूठ आवळून उभा. "मामाचं होऊ दे आदी," तो म्हणत होता.

सकाळी ज्यांना आधी बार काढायचा होता ते संध्याकाळी एकमेकांसाठी अडून बसले. ते पाहून धुरपदा देवळापुढे बसल्या बसल्या हसली, पोट धरून हसली. ते हसणं दोन्ही गावांत ऐकू गेलं, असं म्हणतात. "आरं, लावा आता दोघंबी," ती म्हणाली, "मला भूक लागलीया." दोन्ही नळ्या आभाळाकडे झाल्या, दोघांनी जामगीची जळती टोकं तोडून नळीच्या कानाला लावली आणि बार उडाले. बंदुका दोन आणि आवाज एकच. कड्यावरून प्रतिध्वनीही एकच आला, असं म्हणतात.

धुरपदा पुढे पुष्कळ जगली आणि सुखानं गेली. पण तिकडच्या बोलण्यातून ती काही गेली नाही. जावाजावांचं किंवा भावाभावांचं जुंपलं की म्हातारी माणसं म्हणतात, "धुरपदेची जामगी लावा." म्हणजे आधी बसा, भाकरी खा, मग बघू.

आणि जत्रेला अजून अंबाडीची एकच जामगी वळतात. एका गावची लेक आणि दुसऱ्या गावची सून असलेली बाई दोन ठिणग्यांच्या मधे फेऱ्या घालते. ती थकून बसली, की जामगीची दोन्ही जळती टोकं तोडून घ्यायची आणि त्यांनी दोन्ही बार एकदम लावायचे, असा नेम आहे. ती कधी बसावी हे मात्र कुणी तिला सांगायचं नाही. गेल्या खेपेला एक नवी सून दुसऱ्याच फेरीला मांडी घालून बसली. दोन्ही गावांनी मुकाट्यानं बार काढले, पालखी उठवली आणि पंगतीत तिला पहिलं ताट वाढलं.