वरपक्ष हवा!

"हे लग्न होणार नाही!" मोरगडचे राजे गंभीरराव गरजले.

समोर दोघी उभ्या होत्या. बाजारात बांगड्या भरणारी तुळसा कासारीण आणि देवळाशेजारी फुलं विकणारी केवडा माळीण. दोघींचा एकमेकींवर जीव जडला होता, दोन्ही घरं राजी होती, हळदसुद्धा कुटून झाली होती. पण मोरगडात मांडव घालायचा तर राजाचा होकार लागे. आणि गंभीररावांनी एकदा 'नाही' म्हटलं की खुद्द राणीसाहेबही दुसरीकडे बघू लागत.

"का बरं, महाराज?" तुळसेनं विचारलं.

"का म्हणजे? तुम्ही दोघी नवऱ्या. म्हणजे दोन्हीकडे वधूपक्षच! वरपक्ष कुठाय? वरपक्षाशिवाय लग्न म्हणजे मिठाशिवाय आमटी!"

केवडाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तुळसा मात्र पदर खोचून पुढे झाली.

"वरपक्ष ओळखायचा कसा, महाराज? शोधायला बरं पडेल."

राजे एकदम खुलले. हा त्यांचा आवडता विषय! "अगं, सोपं आहे! कुणी सामोरं आलं नाही की वरपक्षाचं तोंड फुगतं. मग तो खाण्यापिण्यात खोड काढतो. मग 'आम्ही निघालो!' म्हणून तरातरा उठतो, आणि जाऊन दारातच उभा राहतो. कुणीतरी हातापाया पडेल म्हणून! आमच्या लग्नात बासुंदीत वेलदोडा कमी पडला, तर आमच्या आत्यासाहेब हत्तीवर जाऊन बसल्या. संध्याकाळपर्यंत उतरल्या नाहीत! त्याला म्हणतात वरपक्ष!"

"आणि असा वरपक्ष मी दाखवला तर?"

"तर खुशाल लग्न लावा! पण भाड्याची माणसं चालणार नाहीत. रुसवा अस्सल हवा, आणि सगळ्या मांडवानं 'हाच वरपक्ष' म्हणायला हवं. तेही अंतरपाट धरायच्या आत! नाही जमलं, तर तू उत्तरेच्या वेशीबाहेर, ही दक्षिणेच्या. पुन्हा भेट नाही!"

वाटेत केवडा रडकुंडीला आली. "तुळसे, मला तुझ्याशिवाय करमत नाही गं. एक दिवस नाही करमत! आणि असा वरपक्ष आणायचा कुठून? आपल्याकडे सगळी नवरीकडची माणसं. त्यांना रुसायची सवयच नाही!"

"म्हणून तर काम सोपं झालं," तुळसा म्हणाली. "तू छानशा मुंडावळ्या गुंफ. महाराजांच्या आमंत्रणाचं मी बघते."

लग्नाच्या दिवशी मांडवात वेगळीच गंमत उडाली. दोन्ही आया नवरीच्या आया! ही म्हणते, "विहीणबाई, आधी तुम्ही बसा." ती म्हणते, "छे, छे, मी कशी बसू? आधी तुम्ही!" दोघी उभ्याच! दोन्हीकडची माणसं मांडवाच्या दारात हात जोडून, येईल त्याचे पाय धुताहेत, गुलाबपाणी शिंपडताहेत. एरवी लग्नात मागे भिंतीला टेकून उभी राहणारी विधवा काशीआत्या, तिलाही हाताला धरून पुढच्या पाटावर बसवलं. म्हातारी बावरली, मग चक्क लाजली. मोरगडात असं लग्न कुणी पाहिलं नव्हतं. कपाळावर आठी म्हणून नाही!

एवढ्यात राणीसाहेबांसह राजांची पालखी आली.

तुळसेनं हळूच हात वर केला. बस्स! सगळे जागच्या जागी थांबले. राणीसाहेबांना दोघीतिघींनी आत नेलं, पण राजांना सामोरं कुणी गेलं नाही. पाय कुणी धुतले नाहीत. राजे आपले आपणच आत आले आणि एका रिकाम्या पाटावर टेकले. पाटाभोवती रांगोळी नाही! मग पन्हं आलं. राजांनी घोट घेतला आणि त्यांच्या मिशा थरथरल्या.

"वेलदोडा नाही!" ते ओरडले. "आम्हाला सामोरं कुणी आलं नाही! पाय धुतले नाहीत! पाटाला रांगोळी नाही, आणि पन्ह्यात वेलदोडाही नाही? आम्ही निघालो!"

शेला झटकून ते तरातरा दारापर्यंत गेले, आणि तिथेच थांबले. एकदा मागे पाहिलं. खाकरले. पुन्हा मागे पाहिलं.

मुंडावळ्या सावरत तुळसा धावत आली. "सापडला! मंडळी, वरपक्ष सापडला!"

"कुठाय?" राजे दचकून इकडेतिकडे बघू लागले.

"महाराज, खुणा तुमच्याच! तोंड फुगलंय, पन्ह्याला नाव ठेवून झालंय, 'निघालो' म्हणून झालंय, आणि पाय दारातून हलत नाहीत. मंडळी, हे कोण?"

"वरपक्ष!" सगळा मांडव गरजला. सगळ्यात मोठा आवाज काशीआत्याचा होता!

राजे लालबुंद झाले. "आम्ही? आम्ही रुसलेलोच नाही मुळी!"

"मग तर फारच छान!" तुळसेनं हात जोडले. "वरपक्ष नाही, कुणी रुसलेलं नाही, तरी लग्न कसं रंगलंय बघा! मग या लग्नात अडलं कुठे? बोला महाराज, रुसलात की नाही रुसलात? रुसला असाल तर तुमची अट पुरी झाली. नसाल तर अटीची गरजच उरली नाही!"

राजांनी पुन्हा एकदा शेला झटकला. तेवढ्यात राणीसाहेब पदराआड खुदकन हसल्या. "अगदी आत्यासाहेब दिसताय हो! फक्त हत्ती तेवढा राहिला!"

आणि राजांना असं हसू फुटलं की फेटा निसटून गळ्यात आला. "हरलो! रुसलो होतो! चांगला गाल फुगवून रुसलो होतो! धरा अंतरपाट!"

"थांबा, महाराज," तुळसा म्हणाली. केवडाचा हात आता तिच्या हातात होता. "नवरीचा शालू वरपक्षाकडून येतो ना?"

"येतो की! देऊ!"

"इथे नवऱ्या दोन आहेत!"

राजे पोट धरधरून हसले. दोन भरजरी शालूंसाठी त्यांनी घोडेस्वार वाड्याकडे पिटाळला आणि आपल्या पाटावर ऐटीत जाऊन बसले. "पण एक सांगून ठेवतो," ते म्हणाले, "पन्ह्यात वेलदोडा आल्याशिवाय वरपक्ष अक्षता टाकायचा नाही!"